काठावर कोण राहतं

पेंढरपाडा, डोळखांब
३ जानेवारी

धरणाच्या काठावर राहून टँकरची वाट बघणाऱ्या माझ्या माणसांनो,

तुमच्या आमच्या अंगणातून धरणाचं पाणी दिसतं. निळंशार दिसतं. होळी झाली की त्याच अंगणात रिकाम्या कळश्या मांडून आपण टँकरच्या हॉर्नकडे कान लावून बसतो. हे पाणी मुंबईला जातं. जाऊ दे, तहानलेल्याला पाणी देऊ नका असं मी कधी म्हटलं नाही. पण ज्यांची खाचरं या पाण्याखाली गेली त्यांच्याच दारात नळ नाही, हे मी प्रत्येक सभेत म्हणत आले आणि नळ येईपर्यंत म्हणणार.

आता त्या पाण्यावर बोट येणार आहे. मुंबईची एक कंपनी पाहुण्यांना बोटीत बसवून धनेश, ऊद, पाणकावळे आणि नशीब असेल तर पाण्यावर आलेला बिबट्या दाखवणार. पोरं मला विचारतात, यात वाईट काय? मी त्यांच्या अटी वाचल्या आहेत, म्हणून सांगते. पाण्यापासून वरच्या पायवाटेपर्यंतची पट्टी मोकळी ठेवायची. तिथे गुरं नकोत, जाळी नकोत, हंडे घेऊन उतरणाऱ्या बाया नकोत. पाहुण्याला वाटलं पाहिजे की हे रान अजून कुणा माणसाने पाहिलेलंच नाही. म्हणजे आपण दिसायचं नाही. दिसायचं ते फक्त शनिवारी संध्याकाळी, तारपा घेऊन, त्यांच्या अंगणात नाचायला.

आपल्या बापजाद्यांना एकदा धरणाने उठवलं. आता आपल्याला नजरेआड व्हायला सांगतात. ग्रामसभेच्या ठरावाशिवाय त्यांना बोट पाण्यात घालता येणार नाही. २६ जानेवारीला त्यांची माणसं सभेत येणार आहेत. या.

अपेक्षा, बाईजाची मुलगी


किनाबातांगान नदी, बोर्निओ
५ जानेवारी

आई आणि ताई,

आता दर रविवारचा फोन येणार नाही, घाबरू नका. आजवर शहरातल्या हॉटेलात होतो. त्याच मालकाची नदीवर चालणारी एक बोट आहे, तिच्या स्वयंपाकघरात मला पाठवलंय. नदीच्या दोन्ही अंगांना रान. मोबाइलला इथे आपल्या पाड्याएवढीच रेंज आहे, म्हणजे नाहीच. सामान घेऊन होडी येते, तिच्याबरोबर पत्र जाईल.

पाहुणे येतात ते जनावरं बघायला. पहाटे आणि संध्याकाळी लहान होड्यांत बसतात आणि दुर्बिणी लावून काठाकाठाने फिरतात. मी आचारी, पण भांडी आवरली की वरच्या डेकवर जाऊन उभा राहतो. ताई, काय सांगू तुला! एक माकड आहे, त्याचं नाक काकडीसारखं लोंबतं. नर वयात येतो तसं नाकही वाढत जातं, मग खाताना बिचाऱ्याला ते हाताने बाजूला सारावं लागतं. कान्हाकाकाला सांग, तो म्हणेल हरेश तिकडे ताडी प्यायला लागला. हत्ती आहेत, चित्रातल्या हत्तींपेक्षा बुटके. नदी पोहून जातात तेव्हा नुसत्या सोंडा पाण्यावर चालताना दिसतात. आणि धनेश. काल एक जोडी डोक्यावरून गेली. पंखांचा आवाज असा की कोणी ओलं घोंगडं झटकतंय. चोच आपल्याकडच्या धनेशापेक्षा मोठी आणि भडक, पण फळ वर उडवून गिळायची रीत तीच. मी मोठ्याने नाव घेतलं. शेजारच्या गोऱ्या बाईने मला तो शब्द परत परत म्हणायला लावला.

आता खरी बातमी. मुंबईचे एक साहेब पाहुणे होते. डाळीला ही फोडणी कोणी दिली, असं विचारत स्वयंपाकघरात आले. बोलता बोलता म्हणाले, ठाणे जिल्ह्यात एका धरणावर अशीच बोट सुरू करतोय. कुठल्या, म्हटलं. त्यांनी आपलंच धरण सांगितलं. मी तिथलाच, म्हटल्यावर ते म्हणाले, मग तूच ये आणि बोट सांभाळ. आम्हाला असाच माणूस हवाय.

आई, पावसाच्या आधी मी घरी. तुझ्या हातची पेज खाऊन कामाला जायचं आणि संध्याकाळी घरी यायचं.

साहेब म्हणत होते, गावात कोणीतरी लोकांना भडकवतंय. ताई, लोक तुझं ऐकतात. तू समजावून सांग.

तुमचा हरेश


किनाबातांगान नदी
६ फेब्रुवारी

आई, ताई,

पत्र नाही. सामानाची होडी लागली की बटाटे उतरवायच्या निमित्ताने मी सगळ्यांच्या आधी धावतो. होडीवाला लांबूनच मान हलवतो.

पहिलं पत्र पोचलं नाही का? की पोचलं आणि रागावलात? ताई, तू गप्प बसणारी नाहीस, म्हणून जास्त भीती वाटते.

इथे रोज पाऊस आहे. नदी चढलीय. गाळाचा वास सुटतो तो अगदी आपल्या आवणीतल्या चिखलाचा. डोळे मिटले की वाटतं, आत्ता आई बांधावरून ओरडेल, रोप नीट धर म्हणून. डोळे उघडले की समोर दुर्बिणी.

परवा ओरांगउटान, तो माणसासारखा तांबूस वानर, अगदी जवळून पाहिला. दिवस कलला की तो फांद्या मोडून, पानं अंथरून झाडावर बिछाना करतो. दुसऱ्या दिवशी दुसरीकडे, नव्याने. पाहुण्यांना फार कौतुक वाटलं. मला नाही वाटलं. कुठलीही जागा आपली नसताना रोज अंथरूण घालणं म्हणजे काय, ते मला तीन वर्षं माहीत आहे.

साहेबांचा निरोप होता, तयारीत राहा. मी तयारच आहे. तुम्ही एक ओळ लिहा.

हरेश


पेंढरपाडा
२२ फेब्रुवारी

हरेश,

तुझी दोन्ही पत्रं काल एकदम वाचली.

पहिलं जानेवारीतच आलं होतं. पोस्टमन महादूने माझ्या हातात दिलं. पाकिटामागे तू 'नदीकाठचं रान, बोर्निओ' एवढंच लिहिलं होतंस, ते मी मोठ्याने वाचलं. मी पाकीट फाडणार तोच आईने ते ओढून घेतलं आणि आढ्यात खोचलं. म्हणाली, "रानातनं एकदा हाक आली तर ओ द्यायची नाय. माणूस असंल तर परत मारंल." आठवतंय ना? दिवेलागणीला करवंदं काढायला गेलो की ती हेच बजावायची. भूत एकदाच हाक मारतं, माणूस दुसऱ्यांदा मारतो. तू शहरातून बोलत होतास तोवर नियम लागू नव्हता. आता तू रानातून हाक मारलीस. मी म्हटलं, अगं, याला टपालाचं तिकीट लावलंय, भुताला तिकीट कोण विकणार? तर म्हणाली, तू तुझी पुस्तकं वाच, मी माझ्या पोराचं बघते. तीन वर्षं न दिसलेल्या मुलासाठी ती घाबरली होती. तिच्या भीतीशी वाद घालायचं मला जमलं नाही. काल तुझं दुसरं पत्र आलं तेव्हा तिने स्वतः आढ्यातून पहिलं काढून दिलं.

म्हणजे २६ जानेवारीला तुझं पत्र घराच्या आढ्यात होतं आणि मी ग्रामसभेत उभी होते. मला काहीच माहीत नव्हतं. तुझ्या त्या साहेबांना गावात जे कोणी भडकवताना दिसलं, ती मी. पत्रक सोबत पाठवतेय, वाच.

कंपनीवाल्यांनी पडदा लावून फोटो दाखवले. सगळे तुझ्या नदीचे. हत्ती, मगरी, तो तुझा ओरांगउटान. कान्हाकाका पुढे बसला होता. बराच वेळ त्या ओरांगउटानकडे बघून म्हणाला, "हा बुवा आमच्या पाड्यात ऱ्हायला येणार काय? मंग त्याचं रेशनकार्ड काढाय लागंल." सभा हसून लोळली. साहेबही हसले आणि म्हणाले, बोट चालवायला आम्ही तुमच्यातलाच माणूस आणतोय, परदेशात शिकलेला.

त्यावर मी उठले. बोलले ते असं. आपल्यातला माणूस आपल्याच आईला काठावरून हाकलायला लागला की तो आपल्यातला उरत नाही. तो येऊ दे. ज्या दिवशी येईल त्या दिवशी मी त्याच्या बोटीपुढे पाण्यात उभी राहीन.

टाळ्या पडल्या. आईनेही वाजवल्या.

ठराव झाला नाही, १ मेच्या सभेवर गेला. काल पत्रं वाचून झाल्यावर आईने चुलीत लाकूड सारलं. मग एवढंच म्हणाली, "म्हंजी तो बोटीवरचा माणूस आपला हरेश हाय."

हरेश, बोलले त्यातला एकही शब्द मी मागे घेत नाही. पण तो शब्द तुझ्यावर जाईल असं कोणी मला सांगितलं असतं, तरी मी तो बोलले असते का, हे मी काल रात्रीपासून स्वतःला विचारतेय.

अपेक्षा


किनाबातांगान नदी
१० मार्च

ताई,

पत्रक वाचलं. तू छान लिहितेस, पहिल्यापासून.

आईचा नियम वाचून आधी हसलो. मागच्या महिन्यात दिवस मावळताना आमच्या वाटाड्याने काठावरून मला हाक मारली. एकदाच. मी ओ दिली नाही. नंतर कळलं, तो हत्ती दाखवायला बोलावत होता. कळप पाण्यात उतरला आणि पार गेलासुद्धा. सगळी बोट मला हसली. समुद्र ओलांडला तरी आईचं सांगणं अंगातून गेलेलं नाही. मग तू मला आपल्यातला नाही असं कसं ठरवलंस?

पाण्यात उभी राहणार? राहा. संध्याकाळी घरी येशील तेव्हा आई तुला जेवायला वाढेल. मी तीन वर्षं दुसऱ्यांना वाढतोय. पाड्यातली पोरं वाशिंदच्या कारखान्यांत जातात, दिवाळी झाली की अर्धी घरं कुलूप लावून वीटभट्टीवर जातात. त्यांना घरी थांबवायला तुझ्या सभेकडे काय आहे? भाषण? पाड्यापर्यंत चालत आलेली ही पहिली नोकरी आहे आणि ती तुझ्या भावाच्या हातात येतेय. काठावरची चार हात पट्टी सोडली तर काय बिघडतं? हंडे दुसऱ्या वाटेने नेता येतील.

तू बाहेर राहिली नाहीस. इथे झोपताना इंजिनाचा आवाज असतो. मला आपल्या घरातले आवाज एकेक करून आठवावे लागतात, नाहीतर झोप येत नाही. आईचा खोकला. दाराची कडी. तुझं पान उलटणं. हल्ली आईचा खोकला नीट आठवत नाही.

तू जिंकलीस तर काठ तुमचा राहील आणि मी इथे राहीन. एवढं समजून काय ते कर.

हरेश


पेंढरपाडा
२७ मार्च

हरेश,

तुझ्या पत्राच्या शेवटचं 'मी इथे राहीन' हे वाक्य मी आईला वाचून दाखवलं नाही. ती म्हणाली, "खालचं वाचलं नाय तू, गो." मग वाचलं.

त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. ओटीवरची तुझी जागा सारवलीय. जुने तांदूळ तुझ्यासाठी वेगळे काढलेत, मला हात लावू देत नाही. कान्हाकाकाने तिला विचारलं, बाईजा, सभेत कुठल्या बाजूला बसणार? कान्हाकाका ट्रकच्या ट्यूबवर बसून धरणात जाळं टाकतो, बोट आली तर त्याचं जाळं पहिलं जाणार. तिने त्याच्या तोंडावर सांगितलं, "मला माझा पोर घरी पायजे. पाणी मी वरच्या झऱ्यावरनं आणीन." वरचा झरा मार्गशीर्षातच आटतो, हे तिला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. ते ऐकून आणखी बाया तिच्याकडे वळल्यात. पाड्यात सगळ्यांच्या बाळंतपणाला धावून जाणारी बाई ती. माझं भाषण ऐकून लोक टाळ्या वाजवतात, पण बसतात ते ती जिथे बसेल तिथे. १ मेला काय होणार, ते आता तिच्यावर आहे.

माझ्या सभेकडे नोकरी नाही, हे तू खरं लिहिलंस. ते मला लागलं आणि लागायलाच हवं होतं. रानातला हिरडा, मध, धरणातली मासळी यांवर पाड्याचा हक्क मागणारे अर्ज मी दोन वर्षं घालतेय. मंजूर एकही नाही. ते वाढून मी कोणाचं पोट भरू शकत नाही.

आणि मला तू नको आहेस असं समजू नकोस. तू गेल्यापासून या घरात माझ्याशी भांडायला कोणी नाही. मी गावभर भांडत फिरते त्यातलं अर्धं भांडण तुझ्या वाटणीचं असतं. संध्याकाळी टेकडीवर रेंज शोधायला जाते, तुझा फोन येणार नाही हे माहीत असताना जाते. तुझ्या धनेशाचं वाचलं आणि दुसऱ्या दिवशी उंबराखाली जाऊन उभी राहिले. एक आला. सांगायला तू नव्हतास.

तेव्हा मी तुला समजावणार नाही. एकच विचारते, त्याचं उत्तर दे. तुझ्या तीन पत्रांत माकडं आहेत, हत्ती आहेत, धनेश आहेत, गोरी बाई आहे, साहेब आहेत. त्या नदीच्या काठावर राहणारी माणसं कुठे आहेत? नदी आहे तिथे माणसं असणारच. तू आपल्यासारख्याच काठावर वाढलास, ती तुला दिसली नसतील असं होणार नाही. मग तू त्यांच्याबद्दल एक ओळही का लिहिली नाहीस?

जे लिहिशील ते मी आईला जसंच्या तसं वाचून दाखवेन. माझ्या विरुद्ध असेल तरीही.

ताई


किनाबातांगान नदी
१३ एप्रिल

आई,

हे पत्र ताईने तुला घरात वाचून दाखवू नये. १ मेला ग्रामसभेत, सगळ्यांसमोर वाचावं. कान्हाकाका, पाड्यातल्या मावश्या, काक्या, माझ्याबरोबर वाढलेली पोरं, सगळ्यांनी ऐकावं.

ताईने विचारलं ते मी स्वतःलाही विचारत नव्हतो. पहिल्याच आठवड्यात ती माणसं पाहिली आणि लिहायची टाळली. लिहिलं असतं तर घरी यायचं स्वप्न हातातून गेलं असतं.

पाहुणे विचारतात, एवढ्याशा काठावर इतकी जनावरं कशी? वाटाडे सांगतात, हे रानच असं भाग्यवान आहे. मीही तेच मानत होतो. एकदा इंजिन बिघडलं आणि सुटा भाग आणायला मला होडीवाल्याबरोबर काठावर उतरून चालत जावं लागलं. झाडी बघता बघता संपली. काठाला लागून नुसती एक किनार. तिच्या मागे तेलताडाची लागवड, नजर पोचेल तिथवर, एकसारख्या रांगांत. त्यात पाखराचा आवाज नाही. जनावरं नदीवर येतात ती मागे जागा उरली नाही म्हणून, आणि आम्ही ते दाखवून टाळ्या घेतो. आई, त्या ताडाचं तेल तू डोळखांबच्या दुकानातून पिशवीत आणतेस. मी त्याच तेलात पाहुण्यांची भजी तळतो.

आता माणसं. नदीच्या वळणावर खांबांवर उभी केलेली घरं आहेत. नदीचीच माणसं, पिढ्यानपिढ्या जाळी टाकणारी. आमच्या मालकाने त्यांना सांगून ठेवलंय की होड्या फिरतात त्या वेळी पाण्यात जाळं नको आणि काठावर कोणी नको. त्यांच्यातला एक माझ्याच वयाचा आहे, आमच्या बोटीवर नांगर सांभाळतो. मी त्याला म्हटलं, तू नशीबवान, रोज घरी जातोस. तो म्हणाला, "घरी जातो खरा. पण माझ्या आईने पाण्यावर कधी उतरायचं ते आता बोट ठरवते. आणि तिला आत जा म्हणून सांगायचं काम माझ्याकडे आहे."

त्याची आई मी पाहिलीय. सकाळची वेळ होती. ती काठावर भांडी घासत बसली होती. तिच्या मागच्या झाडावर धनेश होता. पाहुण्यांनी कॅमेरे उचलले. वाटाडा म्हणाला, जरा थांबा, ती बाई गेली की छान दिसेल. सगळे थांबले. कोणी ओरडलं नाही, कोणी हाकललं नाही, फार सभ्य माणसं होती. नुसती तिच्या जाण्याची वाट बघत राहिली. तिला ते कळलं. तिने अर्धी घासलेली भांडी उचलली आणि पाठ फिरवून घरात गेली. मग फोटो निघाले. तिचा मुलगा नांगराचा दोर धरून खाली बघत होता. मी चहा वाढत होतो.

आई, साहेब मला जो पगार देणार आहेत तो याच कामाचा. बोट धरणात उभी असेल, तू हंडा घेऊन उतरत असशील, आणि मी तुला म्हणेन, जरा आत जा, पाहुण्यांना पाखरू बघायचंय. तू जाशील. माझ्यासाठी तू हसत जाशील, हे मला माहीत आहे. म्हणूनच मी साहेबांना नाही म्हणून कळवलं. तुम्ही सभेत काहीही ठरवा, ती बोट माझ्याविना येईल.

पोरांनो, तुम्ही म्हणाल, मग नोकरी? ताईच्या हक्काच्या अर्जांवर तुमच्यातल्या किती जणांनी सह्या केल्यात? ती एकटी तहसीलला चकरा मारते आणि आपण भाषण छान झालं म्हणून घरी जातो. मीही तेच केलं, ते सोडून पार समुद्रापलीकडे गेलो. धरणातली मासळी आपली झाली तर जाळं आपलं, होडी आपली, आणि पाखरं बघायला कोणी आलंच तर त्याला आपल्या वेळेला यावं लागेल.

माझा इथला करार अजून दीड वर्षाचा आहे. तो संपला की येईन. साहेबाची नोकरी घेतली असती तर त्यांनी मालकाशी बोलून तो सोडवला असता आणि पावसाआधी आलो असतो. ओटीवरची जागा सारवलीस ते ताईने लिहिलं आणि त्या दिवशी माझ्याकडून डाळ करपली. मला घरी यायचंय. तुला हजारदा यायचंय म्हणून सांगतो. पण मी येईन तेव्हा तू काठावर दिसली पाहिजेस, लांबून, भर उन्हात, कोणाशी तरी मोठ्याने बोलत.

आता सरपंच विचारतील, बोट नको असं कोणाचं म्हणणं आहे. सगळ्या बाया तुझ्याकडे बघत असतील. तू ताईकडे बघू नकोस, माझ्याकडेही बघू नकोस.

आई, सगळ्यांच्या आधी तू हात वर कर.

हरेश